मोजणीबाईच्या जागा

मोजणीबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेली की बसायच्या आधी जमीन मोजायची. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणायची, वितीला वीत जोडत भिंतीपर्यंत जायची, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायची आणि मगच टेकायची. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत ती पहिल्यांदा आली तेव्हा मी स्टोव्हला पंप मारत होते. वळून बघते तर बाई माझ्या पलंगाखाली अर्धी शिरलेली. मला वाटलं, हिचं काहीतरी घरंगळलं असेल. तर आतूनच म्हणाली, "ताई, तुमच्या इथं नऊ मान्सं झोपतीन. पलंग काढला त अकरा." मी एकटी राहत होते. त्या अकरा माणसांना मनातल्या मनात जागा देत मी चहात साखर घातली.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. शेताची मोजणी करायला येणाऱ्या सरकारी माणसावरून आम्ही काम करायचो त्या केंद्रातल्या बायकांनी तिला मोजणीबाई करून टाकलं होतं. तिलाही ते आवडायचं. हातात साखळी नसताना आपल्याला हा हुद्दा मिळाला, असं ती म्हणायची.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. तिचं कौतुक कानावर पडलं की माझ्या तोंडचा घास फिरायचा. आज ती नाही, मीही निवृत्त होऊन बसले आहे, आणि तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसले तरी पहिल्यांदा हेवाच वर येतो. तेव्हा तो बाजूला काढून ठेवण्यात अर्थ नाही.

आमचं केंद्र हातकागदाचं. सुती चिंध्या कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदात ढवळायचा, जाळीच्या साच्यावर उचलायचा आणि वाळवून घोटायचा, असा तो कागद. मी तिथे बांधणी विभागाची प्रमुख होते. नागपूरला कलाशाळेत शिकून आले होते आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. झेंडूच्या पाकळ्या घातलेला कागद, चामड्याचा कणा, वर सोनेरी अक्षरं, अशी माझी पुस्तकं. पाहुणे ती हातात घेऊन "वा, वा" म्हणत आणि बोलत बोलत पुढच्या टेबलाकडे जात. मला त्या "वा"चा कंटाळा आला होता. आपल्या हातून एक पुस्तक असं व्हावं की ते उघडल्यावर माणूस गप्प व्हावा, एवढंच मला हवं होतं. आठ वर्षं मी त्याच्या मागे होते.

मोजणीबाई आमच्याकडे चिंध्या निवडायच्या कामावर लागली तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. दुष्काळ होऊन गेला होता, पण दुष्काळाने घरातून उठवलेली माणसं अजून परतली नव्हती. वर्ध्याच्या मालधक्क्यावर, पुलाखाली, महामार्गावरच्या जाम गावाच्या चौफुलीवर बंद दुकानांच्या फळ्यांसमोर ती पसरलेली असत. बाई स्वतः नवऱ्यामागे दोन वर्षं तशीच राहिली होती, असं पुढे कळलं. ती ते सांगत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मोकळी हवा लय होती, बाप्पा."

चिंध्या निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कपड्याचा तुकडा बोटांत चोळून ती सांगायची की हा खांद्यावरचा आहे, हा बसायच्या जागेचा, हा बाईने पोर बांधायला वापरलेला. एकदा मी मुद्दाम माझ्याच जुन्या परकराचा तुकडा ढिगात मिसळला. तिने तो वेगळा काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, "हा कवा जमिनीवर बसला नाई, ताई. चिंधीत काऊन टाकला?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, आणि तो तुकडा दिवसभर माझ्या टेबलावर पडून राहिला.

तिने पहिलं पुस्तक केलं तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता. मालधक्क्यावरच्या शेडखाली एक म्हातारा हमाल झोपायचा. बाईने त्याला नवं धोतर देऊन त्याचं जुनं मागून आणलं, दुपारच्या सुट्टीत उखळात कुटलं आणि रिकाम्या हौदात त्याचे कागद उचलले. ना रंग, ना घोटाई. कडा वेड्यावाकड्या, रंग रस्त्यावरच्या मातीचा, मधूनच कोळशाचा काळा ठिपका. ते कागद तिने चिंध्यांच्या पट्ट्यांनी एकमेकांना असे जोडले होते की मिटलं तर मुठीएवढं गाठोडं, आणि गाठ सोडून उलगडत गेलं तर बरोबर सहा वीत लांब, तीन वीत रुंद. तो हमाल पाय पोटाशी घेऊन जेवढ्या जमिनीवर झोपायचा, तेवढंच. ती त्याला पुस्तक म्हणत नसे. "ही बुढ्याची जागा," म्हणाली.

केंद्राच्या ओसरीवर तिने ती जागा पसरली आणि बाजूला तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत उभी राहिली. आत एकही अक्षर नव्हतं. बायका भोवती जमल्या आणि हळूहळू बोलायच्या थांबल्या. आमचे व्यवस्थापक कसल्याशा कागदावर सही मागायला बाहेर आले, त्यांनी खाली पाहिलं आणि कुणी न सांगता पायातल्या चपला काढल्या. मी दारात उभी होते. माझ्या पुस्तकासमोर आजवर कुणी चपला काढल्या नव्हत्या. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. डोकं दुखतंय असं सांगून घरी गेले आणि खरंच दुखायला लागलं.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी एक जागा होत गेली. पाटे-वरवंट्यांना टाके घालत हिंडणाऱ्या टाकेवालीची जागा, तिच्यात छिन्नीचं पातं गुंडाळून ठेवता येईल असा खिसा. बसस्टँडवरच्या एका आईची जागा, तिच्या आत दीड वितीची दुसरी छोटी जागा जोडलेली, लेकराची. सिमेंटच्या पोत्याचा कागद, खताच्या गोणीची सुतळी, जे ज्याच्या अंगाखाली असेल ते त्याच्या जागेत यायचं. मी प्रत्येक जागा तपासायची आणि चुका काढायची. जोड ढिला आहे, कड कापलेली नाही, कणा नाही. ती शांतपणे ऐकायची. एकदाच म्हणाली, "कना असता त थो मानूस तिथं झोपला असता का?" यावर कलाशाळेत काही शिकवलेलं नव्हतं.

मग मीही तसं पुस्तक करायला घेतलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून गोणपाट कापलं, चहाच्या पाण्याने कागद मळकट केला, सहा वीत बाय तीन वीत मोजून जोडलं. झाल्यावर पसरून पाहिलं. ते मळकट केलेलं पुस्तक होतं, दुसरं काही नव्हतं. मी ते चुलीत घालायला शेजारणीला देऊन टाकलं आणि सोमवारी मोजणीबाईला विनाकारण रागावले.

ती काही साध्वी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्यावर अन्याय होईल. खर्ऱ्यापायी केंद्राचा कोपरान् कोपरा तिने रंगवला होता. मामेबहीण जामला आजारी आहे असं सांगून ती महिन्यातून दोनदा रजा घ्यायची आणि ती मामेबहीण सहा वर्षं सारखीच आजारी होती. गर्व तर असा की कुणी तिच्या जागेची स्तुती केली की नम्रपणे खाली बघायचं वगैरे तिला ठाऊकच नव्हतं. "चांगलीच झाली हाय," म्हणायची. माझ्या झेंडूच्या कागदाबद्दल मात्र एकदाच तोंड उघडलं. पुष्कळ वेळ तो उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "ताई, ह्या फुलायले कोंडून काऊन ठेवलं?" तेव्हापासून झेंडू घालताना मला तिचा आवाज ऐकू यायचा. माझ्या हातचं काम तिने असं एका वाक्यात नासवून ठेवलं होतं.

पण माझा खरा जळफळाट व्हायचा तो तिच्या एका सवयीने. जागा तयार झाली, चार-आठ दिवस सगळ्यांनी पाहिली, की ती जाऊन ज्याची त्याला देऊन यायची. हमालाची जागा ती घेऊन निघाली तेव्हा मी तिच्यासोबत मालधक्क्यावर गेले. म्हाताऱ्याने गाठ सोडली, जागा पसरली, हाताने चाचपली आणि तिच्यावर आडवा झाला. बस. पावसाळा लागला आणि आठवडाभरात तिचा पुन्हा लगदा झाला. मी संतापले होते. निदान तुरटीचं पाणी द्यायचं, खळ लावायची, थोडी तरी टिकली असती, असं मी तिला म्हटलं. "त्याचं कोनतं टिकलं, ताई, जागा टिकाले?" एवढं बोलून ती चिंध्यांच्या ढिगाकडे गेली. जी गोष्ट मला जन्मात जमणार नव्हती, ती करून ही बाई पावसात टाकून येत होती. श्रीमंताने नोटा जाळाव्यात आणि ते मी लांबून बघावं, तसं मला व्हायचं.

ऐंशी सालाच्या पुढे तिचं काम मंदावलं. कारण कपडे बदलले. रस्त्यावरच्या माणसांच्या अंगावरही आता टेरिलीन आणि नायलॉन आलं होतं, कुणीतरी टाकून दिलेलं. त्याचा लगदा होत नाही. कितीही कुटा, उखळात ते तसंच्या तसं चकचकतं. बाई एक नायलॉनची साडी दोन दिवस कुटत बसली होती. शेवटी मुसळ भिंतीला टेकवून म्हणाली, "पयले गरिबाचा कपडा मातीत तरी मिसळत होता." मला तिची कीव आली आणि आत कुठेतरी बरंही वाटलं.

अशा दिवसांत तिला जामची आजी भेटली. चौफुलीवर पंक्चरच्या एका बंद दुकानाच्या छपराखाली ही म्हातारी राहायची. तिच्या अंगावर हिरवं सुती नऊवारी लुगडं होतं. विटलेलं, दहा ठिकाणी ठिगळं लावलेलं, खालच्या बाजूला ट्रकच्या धुराने काळं पडलेलं, पण अस्सल सुती. बाई वर्षभर त्या लुगड्यासाठी जामला जात राहिली. म्हातारी नवं घ्यायची आणि जुनं सोडायची नाही. अशी तिने बाईची स्वतःची तीन लुगडी पचवली. मग एका थंडीत ती वारली. वारण्याच्या दोन दिवस आधी तिने ते हिरवं लुगडं धुऊन, घडी घालून चहावाल्याजवळ ठेवायला दिलं होतं, मोजणारी बाई येईल तिला द्या म्हणून. ते घेऊन बाई केंद्रात आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हणाली, ही जागा परत द्यायला कुणी नाही, म्हणून ही एक मी माझ्यापाशी ठेवणार.

नेमकं त्याच महिन्यात मुंबईच्या एका कलासंस्थेचं पत्र आलं. हाताने केलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन होतं आणि आमच्या केंद्रातून एकाच व्यक्तीचं एकच पुस्तक हवं होतं. पत्र व्यवस्थापकांनी माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते वाचत असतानाच ते म्हणाले की मोजणीबाई करायला घेतेय ती हिरव्या लुगड्याची जागा पाठवावी असं वाटतं, नाही का. मी म्हटलं, हो ना. आवाज अगदी नीट निघाला.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगते. लुगडं तीन दिवस कुटून झालं होतं आणि त्याचा लगदा मागच्या पडवीत टबात भिजत होता. रंग असा की शेवाळलेल्या विहिरीत डोकावून पाहावं. बाई दुपारच्या गाडीने जामला गेली होती, आजीच्या तेराव्या दिवसाच्या तेरवीला. पडवीत कुणी नव्हतं. प्रदर्शनाला जाणारा कागद पांढराशुभ्र, पहिल्या प्रतीचा असला पाहिजे, असं मी स्वतःला सांगितलं. मी ब्लीचिंग पावडरचा डबा आणला, पाण्यात कालवली आणि टबात ओतली. काठीने ढवळलंसुद्धा, सगळीकडे सारखी लागावी म्हणून. माझं काम नेहमी नीटनेटकं असायचं. मग हात धुऊन येऊन बसले आणि चामड्याचा एक कणा शिवून पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पडवीत गेली. मी कान देऊन बसले होते. मग ती माझ्या दारात आली. हाताला लगदा लागलेला होता, दुधासारखा पांढरा. ब्लीचिंग कुणी टाकलं, एवढंच तिने विचारलं. प्रदर्शनाला जायचंय म्हणून मीच टाकलं, तसा नियम आहे, असं मी सांगितलं. असा कुठलाही नियम नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नियम हाय त ठीक हाय."

तिने त्या पांढऱ्या लगद्याचेच कागद उचलले. वाळवले, जोडले, गाठोडं बांधलं. आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही आणि खर्राही खाल्ला नाही. मला वाटलं, आता हे पुस्तक पडलं. पांढऱ्या कोऱ्या कागदात काय बघायचं? मग निवड माझ्याकडे येईल. माझं चामड्याचं पुस्तक मी मलमलीत गुंडाळून तयार ठेवलं होतं. पण तिने ते ओसरीवर पसरलं. ते आधीच्या सगळ्यांपेक्षा वरचढ झालं होतं. सहा वीत बाय तीन वीत नुसतं पांढरं. कुणीतरी उठून गेल्यावर उरावं तसं. माझ्या दुष्टाव्यालासुद्धा ती पुरून उरली होती.

संस्थेचा फॉर्म भरायला व्यवस्थापकांनी आम्हा दोघींना बोलावलं. कर्त्याचं नाव, या रकान्यावर त्यांनी पेन टेकवलं तेव्हा बाई म्हणाली, "ताईचं नाव टाका." ते हसले, त्यांना थट्टा वाटली. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "आजीचं लुगडं हिरवं होतं, ताई. हे पांढरं तुमचं हाय. तुमचंच नाव पाहिजे त्याच्यावर." तिच्या आवाजात राग आहे की आणखी काही, ते मला ओळखता आलं नाही. मी नको म्हणाले. एकदा म्हणाले. व्यवस्थापक माझ्याकडे बघत थांबले होते, आणि दुसऱ्यांदा नको म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. त्यांनी माझं नाव लिहिलं, आडनावासकट, सुवाच्य अक्षरात.

मुंबईला मी गेले, नवी साडी नेसून. पुस्तक उलगडलं आणि ती मोठी मोठी माणसं खरंच गप्प झाली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण मला मिळाला आणि मी तो पुरेपूर उपभोगला, खोटं कशाला बोलू. हा पांढरा रंग कसा सुचला, असं एकाने विचारलं. ज्याला घर नाही त्याचा इतिहास पुसला जातो, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी ते लिहून घेतलं. संध्याकाळी पुस्तक मिटायची वेळ आली तेव्हा मात्र मला ते मिटता येईना. कुठली घडी आधी, कुठली मागून, ती गाठ कशी, ते फक्त बाईला येत होतं. दोन-तीनदा खटपट केली, मग म्हटलं, हे उघडंच ठेवायचं असतं. त्यांना तेही फार अर्थपूर्ण वाटलं. ते पुस्तक त्यांनी संस्थेच्या संग्रहात कायमचं ठेवून घेतलं आणि तेव्हापासून ते काचेखाली उघडंच आहे.

मी परत आले तेव्हा बाई केंद्र सोडून कारंज्याला लेकीकडे गेली होती. भांडली नाही, तक्रार केली नाही. निरोप ठेवला होता, ताईला सांगा, आता सुती कपडा भेटत नाही. मला हायसं वाटलं. आता केंद्रात बघणाऱ्याला गप्प करणारी मी एकटीच होते. त्यानंतर मी सोळा पुस्तकं केली. लोक "वा, वा" म्हणाले.

चार-पाच वर्षांनी कारंज्याला गेले. सहज नव्हे, राहवेना म्हणून. लेकीचं घर वस्तीच्या टोकाला, मागे संत्र्याची झाडं. बाई अंगणात बाजेवर बसली होती. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. लेकीने चिवडा आणला. मी विचारलं, त्या सगळ्या जागांचं पुढे काय झालं? ती आनंदाने एकेक सांगू लागली. टाकेवालीने थंडीत जाळली आणि रात्रभर शेक घेतला. एकावर कुत्री व्याली. लेकराची छोटी जागा त्या आईने उशाला घेतली होती, ती गाडीत राहून गेली. एक तर ज्याची त्याच्यासोबत गेली, तिरडीवर. एकही उरली नव्हती, आणि बाईला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"मग तुमच्याजवळ काहीच राहिलं नाही," मी म्हटलं.

"काऊन? मुंबईले हाय नं एक."

तेव्हा मी बोलून टाकलं. नियम वगैरे काही नव्हता, बाई. मला तुमचा हेवा वाटत होता, म्हणून मी पावडर टाकली. बोलताना मी तिच्याकडे पाहू शकले नाही, चिवड्याकडे बघत होते.

"मालूम हाय," ती म्हणाली. "तवाच मालूम होतं. पावडर पुरी ढवळली होती. चुकून टाकनारा मानूस ढवळत नाई." मग म्हणाली, "तुमी इतके साल माह्या जागेभोवती फिरून राह्यल्या होत्या, मले का दिसत नोतं? वाटलं, हिले एक पाहिजे हाय, त घेऊ द्या. घेतली म्हंजे सुटन बिचारी." आणि तिने अगदी साधेपणाने, तब्येत विचारावी तसं विचारलं, "सुटल्या का, ताई?"

मी चिवड्यातले शेंगदाणे एका बाजूला काढू लागले. तिनेही पुन्हा विचारलं नाही. निघताना तिने लेकीकडून माझ्या पिशवीत संत्री भरवली.

घरी आल्यावर मी मुंबईच्या संस्थेला चार पानी पत्र लिहिलं. हे पुस्तक माझं नाही, असं स्वच्छ लिहिलं. बाईचं पूर्ण नाव तीन ठिकाणी लिहिलं, तिचं गाव लिहिलं, लुगडं हिरवं होतं हे लिहिलं, पावडर मी टाकली हेही लिहिलं. नाव बदला, अशी विनंती केली. पत्र पेटीत टाकलं त्या दिवशी मला शांत झोप लागली. उत्तर आलं की ते घेऊन कारंज्याला जायचं, असं ठरवलं होतं. उत्तराच्या आधी लेकीचं कार्ड आलं, आई गेली म्हणून.

संस्थेचं उत्तर त्यानंतर पंधरा दिवसांनी आलं. टंकलिखित, खाली सहीशिक्का. त्यांनी लिहिलं होतं की माझा विनय पाहून सर्व विश्वस्त भारावून गेले. आपल्या निर्मितीचं श्रेय एका कष्टकरी स्त्रीला देऊ पाहणारा कलावंत विरळा, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या भावनांचा आदर म्हणून त्यांनी काचेवरची पाटी नवी केली होती आणि तिच्यावर एक ओळ वाढवली होती, 'एका श्रमिक भगिनीच्या प्रेरणेतून'. सोबत त्या पाटीचा फोटो होता. पाकिटातून फोटो बाहेर काढला तेव्हा माझ्या डोळ्यांनी सगळ्यात आधी शोधलं ते माझं नाव. अजून वरच आहे ना, हे पाहिलं. वरच होतं.